गोळीतला डावा-उजवा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सोलापूरहून अक्कलकोटला निघालं की वाटेत वळसंग लागतं. तिथं आमच्या ओळखीचे एक काका राहतात. वय सत्तरीच्या घरातलं, मधुमेह बरीच वर्षं सोबतीला. मागच्या दिवाळीत भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी माझ्यापुढं गोळ्यांची दोन पाकिटं ठेवली. एक जुनं, रिकामं. दुसरं नवं, मुलानं सोलापुरातल्या जनऔषधी केंद्रातून आणलेलं. दोन्हींवर औषधाची नावं तीच, सिटाग्लिप्टिन आणि मेटफॉर्मिन. मात्रा तीच. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

"मास्तर, एवढ्या स्वस्तात खरी गोळी मिळंल व्हय?" काकांनी विचारलं.

मी नवं पाकीट हातात घेतलं. त्यातली एकही गोळी उचललेली नव्हती. स्वस्त म्हणजे खोटी, असं मनाशी धरून काकांनी दोन आठवडे औषधच बंद ठेवलं होतं, आणि घरात कुणाला ते सांगितलंही नव्हतं. मी आयुष्यभर मुलांना रसायनशास्त्र शिकवलं. तेव्हा या प्रश्नाला "घ्या हो, काही होत नाही" एवढंच उत्तर देणं मला बरं वाटेना. काकांना ओसरीवर बसून जे सांगितलं, तेच आज थोडं विस्तारानं आपल्यापुढं मांडतो.

या एका गोळीत दोन औषधं आहेत, आणि रसायनाच्या भाषेत दोन्ही अमोनियाच्या गोतातली. गुरांच्या गोठ्यात सकाळी नाकात जो उग्र वास शिरतो, तो अमोनियाचा. अमोनियात नायट्रोजनच्या एका अणूला हायड्रोजनचे तीन अणू धरलेले असतात. त्यातला एखादा हायड्रोजन काढून तिथं कार्बनचा गट बसवला, की तयार होतं अमाइन. नासलेल्या मासळीचा वास हाही एका अमाइनचाच. वास वाईट असला तरी हे कूळ मोठं गुणी आहे. आज वापरात असलेल्या कितीतरी औषधांच्या रेणूंत कुठं ना कुठं अमाइनचा गट सापडतो.

यातल्या मेटफॉर्मिनशी आपल्या भागाचा जवळचा संबंध आहे. ते बनवायला डायमिथिल अमाइन लागतं. मिथेनॉल आणि अमोनिया यांच्यापासून अशी मिथिल अमाइनं तयार करणारा बालाजी अमाइन्स हा कारखाना १९८८ साली स्थापन झालेल्या सोलापूरच्या कंपनीचा. तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीला तो आहे. डायमिथिल अमाइनचा क्षार डायसायनडायअमाइड नावाच्या पदार्थाबरोबर तापवला, की मेटफॉर्मिन मिळतं. उष्णता, शुद्धता आणि प्रमाण सांभाळलं की काम झालं. मेटफॉर्मिनच्या रेणूला डावं-उजवं नाही. पाण्याच्या तांब्यासारखा तो कसाही धरा, आरशात तो तसाच दिसतो.

सिटाग्लिप्टिनची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याला हात आहेत.

आता रेणूला हात कसले? उजव्या सोंडेचा गणपती आणि डाव्या सोंडेचा गणपती डोळ्यांपुढं आणा. तेच कान, तोच मोदक, तेच पोट. तरी एकाला दुसऱ्याच्या जागी कितीही फिरवून बसवा, तंतोतंत बसत नाही. एक दुसऱ्याचं आरशातलं रूप असतं. कार्बनच्या एका अणूला चार वेगवेगळे गट जोडलेले असले, की त्या रेणूचीही अशीच जोडी बनते. अणू तेच, त्यांची संख्या तीच, वजन तेच, पण रचना उलट-सुलट. अशा रेणूंना 'कायरल' म्हणतात. हा शब्द हात या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. आपण त्यांना डावा रेणू आणि उजवा रेणू म्हणू.

ही जोडी पहिल्यांदा ओळखली फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी, १८४८ साली, वयाच्या पंचविशीत. आपल्या चिंचेला जे आंबट करतं, त्या टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक ते पाहत होते. त्यांना दोन तऱ्हेचे स्फटिक दिसले, एकमेकांच्या प्रतिबिंबासारखे. चिमट्यानं एकेक उचलून त्यांनी दोन वेगळ्या ढिगल्या केल्या आणि दाखवून दिलं, की एक ढिगली प्रकाशाची पातळी एका बाजूला वळवते, तर दुसरी उलट बाजूला.

आपल्या घरातही याचा पुरावा आहे. बाळंतिणीला देतात ती बाळंतशोप आणि चटणीतला पुदिना यांचे वास कुणी डोळे मिटून सांगेल इतके वेगळे. बाळंतशोपेच्या वासात कार्व्होन नावाच्या द्रव्याचा मोठा वाटा, आणि पुदिन्याच्या वासातही त्याच कार्व्होनचा. फरक एवढाच, की एकातलं कार्व्होन उजवं आणि दुसऱ्यातलं डावं. आपल्या नाकातल्या खाचांनाही हात आहेत, म्हणून त्यांना हा फरक कळतो.

नाकाला जे कळतं ते उरलेल्या शरीरालाही कळतं. जेवण झाल्यावर आतड्यातून एक संदेश निघतो. तो स्वादुपिंडाला सांगतो, 'इन्शुलिन सोड'. शरीरातला एक विकर, म्हणजे एन्झाइम, हा संदेश थोड्याच वेळात तोडून टाकतो. सिटाग्लिप्टिनचा रेणू त्या विकराच्या खाचेत जाऊन बसतो, त्यामुळं संदेश अधिक काळ टिकतो. पण खाचेत नीट बसतो तो एकाच हाताचा रेणू. त्याचं आरशातलं भावंड म्हणजे उजव्या पायाची चप्पल डाव्या पायात घातल्यासारखं. ते या कामात फारच दुबळं ठरतं.

काही वेळा दुसरा हात निव्वळ निरुपयोगी नसतो, घातकही असू शकतो. म्हणूनच १९९२ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्यानं धोरण जाहीर केलं, की नव्या औषधात डावा-उजवा असेल तर दोन्हींचा वेगळा अभ्यास करून दाखवा. तेव्हापासून शक्य तिथं एकाच हाताचं औषध बनवण्याकडं कारखान्यांचा कल वाढला.

पण बनवायचं कसं? इथंच खरी मेख आहे. सिटाग्लिप्टिन तयार होण्याच्या एक पायरी आधीचा रेणू केटोन असतो. त्याच्या मधल्या कार्बनभोवतीचा भाग ताटासारखा सपाट असतो. तिथं अमाइनचा गट बसवायचा. तो ताटाच्या वरच्या बाजूनं आला तर एक हात तयार होतो, खालच्या बाजूनं आला तर दुसरा. साध्या रसायनाला वर काय आणि खाली काय! निम्मे इकडून येतात, निम्मे तिकडून. मग निम्मा माल वेगळा करत बसायचं.

सिटाग्लिप्टिन अमेरिकेत २००६ साली बाजारात आलं. तेव्हा त्याचा योग्य हात मिळवण्यासाठी मर्क कंपनी ऱ्होडियम हा अतिशय महाग धातू वापरत असे. हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे सतरा पट दाबानं हायड्रोजन कोंडायचा, आणि ऱ्होडियमच्या संयुगाच्या मदतीनं हवा तो हात घडवायचा. तरीही दहा हजार रेणूंमागं साधारण दीडशे उलट्या हाताचे निघत. ते वेगळे करायचे, आणि औषधात धातूचा अंश राहू नये म्हणून तो काढायला आणखी खटपट करायची. भक्कम यंत्रं, महाग धातू, वाया जाणारा माल. या सगळ्याचा भार खर्चावर पडणारच.

मातीतले जिवाणू हेच काम दाबाशिवाय आणि धातूशिवाय करतात. त्यांच्याजवळ त्यासाठी ट्रान्सअमिनेज नावाचा विकर असतो. नाव अवघड वाटलं तरी तो आपल्या ओळखीचा आहे. कावीळ झाली की डॉक्टर रक्ताची 'एसजीपीटी' तपासणी करायला सांगतात ना? त्यातल्या 'टी'चा अर्थ ट्रान्सअमिनेज. आपल्या यकृतात तो असतोच, यकृताला इजा झाली की रक्तात जास्त सांडतो. एका रेणूवरचा अमाइनचा गट उचलून दुसऱ्यावर ठेवायचा, हे त्याचं काम. या देवघेवीचा शोध १९३७ साली मॉस्कोत ब्राउनश्टाइन आणि क्रिट्झमान यांनी लावला.

हा विकर आतून कसा असतो ते पाहू. त्यात प्रथिनाच्या दोन सारख्या साखळ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. दोन्ही तळवे जुळवले की मध्ये पोकळी राहते ना, तशी या दोन साखळ्यांच्या सांध्यापाशी पोकळी असते. तिथं खरं काम चालतं. पोकळीच्या तळाशी बी-६ जीवनसत्त्वापासून बनलेला एक सपाट रेणू बसलेला असतो. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीत आपण पायरिडॉक्सिन घेतो, त्याचंच हे कामाचं रूप. उन्हाळ्यात टँकरभोवती माणसं घागरी हातोहात पुढं देतात, तसा हा रेणू मधला गडी होतो. देणाऱ्याकडून अमाइनचा गट घेतो आणि घेणाऱ्या केटोनला देतो.

देताना हात चुकत नाही, तो कशामुळं? पोकळीला दोन कप्पे असतात, एक मोठा आणि एक लहान. केटोनच्या मधल्या कार्बनला दोन बाजूंना दोन गट असतात. मोठा गट लहान कप्प्यात मावतच नाही. म्हणून रेणूला एकाच तऱ्हेनं बसावं लागतं. तो तसा बसला की लायसिन नावाच्या अमिनो आम्लाचा एक अणुगट एकाच बाजूनं पुढं सरसावतो आणि हायड्रोजन तिथूनच जोडतो. दुसऱ्या बाजूनं यायला वाट नाही. बसायची जागा ठरलेली आणि वाढणाऱ्याची बाजूही ठरलेली, मग तयार होणारा हात आपोआप ठरतो.

निसर्गात या विकरांची दोन घराणी आहेत. एका घराण्यात लायसिन त्या सपाट रेणूच्या एका बाजूला असतं, दुसऱ्यात उलट बाजूला. त्यामुळं एक घराणं बहुधा एका हाताची अमाइनं घडवतं, तर दुसरं दुसऱ्या हाताची. सिटाग्लिप्टिनला लागणारा हात ज्या घराण्याचा, त्यातला एक विकर आर्थ्रोबॅक्टर नावाच्या जिवाणूकडं होता. हे जिवाणू मातीत सर्रास आढळतात.

डोळ्यांना न दिसणाऱ्या विकराच्या आतले कप्पे माणसानं कसे पाहिले, अशी शंका आपल्याला येईल. त्यासाठी विकराचे स्फटिक वाढवतात आणि त्यांच्यावर क्ष-किरण सोडतात. किरण कसे विखुरतात, त्यावरून गणितानं प्रत्येक अणूची जागा काढतात. हे काम फक्त परदेशातच होतं असं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले सी. जी. सुरेश, अर्चना पुंडले, एच. शिवरामन आणि सहकारी यांनी इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांबरोबर एका जिवाणूच्या पेनिसिलिन अॅसायलेज या विकराची रचना शोधली. ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. बॅसिलस स्फेरिकस या जिवाणूचा हा विकर पेनिसिलिन-व्ही नेमक्या जागी तोडतो. अॅम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन यांसारख्या औषधांसाठी लागणारा कच्चा माल अशा तोडणीतून मिळतो. साखळीच्या अगदी सुरुवातीचं सिस्टीन हे अमिनो आम्ल तोडणीचं काम करतं, हे त्या रचनेतून दिसलं.

त्याच भावकीतला दुसरा विकर आहे पेनिसिलिन-जी अॅसायलेज. त्याला अमाइनमधला डावा-उजवा ओळखता येतो. मिश्रणात दोन्ही हात असले तर तो एकाच हाताला चटकन धरतो, आणि मग दोन्ही वेगळे करता येतात. पण ही झाली निवडणी. धान्य निवडताना खडे बाजूला काढावेत, तसा इथं निम्मा माल बाजूला पडतो. ट्रान्सअमिनेजचं वेगळेपण इथंच आहे. तो निवडत बसत नाही, मुळात हवा तोच हात घडवतो.

मग मातीतला हा विकर सरळ कारखान्यात का आणला नाही? कारण सिटाग्लिप्टिनचा केटोन त्याला पेलेना. त्याच्या लहान कप्प्यात जेमतेम कार्बनचा एक छोटासा गट मावायचा, आणि या केटोनचे तर दोन्ही गट दांडगे. मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांच्या शास्त्रज्ञांनी संगणकावर पोकळीचा आराखडा मांडून कुठं अडतं ते पाहिलं. आधी केटोनचा एक गट छाटून त्याचं लहान रूप घेतलं आणि मोठा कप्पा त्याला जुळवून घेतला. मग लहान कप्प्याच्या भिंतीतली काही अमिनो आम्लं बदलून तो ऐसपैस केला. असा घडवलेला पहिला विकर केटोनचा शंभरातला एक भागही पुरता बदलू शकला नाही. पण शून्यापेक्षा ते बरंच होतं.

पुढचं काम शेतकऱ्याला सांगायला नको. चांगलं कणीस बियाण्याला राखायचं, त्याच्या पिकातलं पुन्हा चांगलं राखायचं. आपली मालदांडी ३५-१ ज्वारी मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक वाणातून अशीच निवडली गेली. शास्त्रज्ञांनी विकराच्या जनुकात थोडे थोडे बदल केले, शेकडो वाण तयार केले, त्यातले सरस निवडले आणि त्यांच्यात पुन्हा बदल केले. अशा अकरा फेऱ्या झाल्या. सुमारे ३३० अमिनो आम्लांच्या त्या साखळीत शेवटी २७ ठिकाणी बदल झाले होते. विकर सुधारण्याची ही वाट घालून देणाऱ्या फ्रान्सिस अर्नॉल्ड यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

नवा विकर मोठा सोशिक निघाला. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारीइतक्या उष्णतेत, म्हणजे ४५ अंशांत, निम्म्या द्रावकात तो काम करतो. एका लिटरमध्ये २०० ग्रॅम केटोन घातला तर सहा ग्रॅम विकर पुरतो आणि उतारा ९२ टक्के पडतो. अमाइनचा गट द्यायला आयसोप्रोपिल अमाइन हे साधं अमाइन चालतं. ते गट देऊन टाकतं आणि त्याचं अॅसिटोन होतं. अॅसिटोन उडून जाणारं असल्यामुळं ते सतत काढून घेता येतं आणि क्रिया मागं फिरत नाही. उलट्या हाताचे रेणू किती? दहा हजारांत तीनही नाहीत.

हे संशोधन २०१० साली प्रसिद्ध झालं. ऱ्होडियमच्या जुन्या पद्धतीशी तुलना करता एकूण उतारा १० ते १३ टक्क्यांनी वाढला आणि टाकाऊ माल १९ टक्क्यांनी घटला. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला उताऱ्यातल्या एका टक्क्याची किंमत माहीत असते, तेव्हा दहा टक्के म्हणजे काय ते मी सांगायला नको. दाबाची भक्कम यंत्रं लागेनाशी झाली, आणि तो महाग धातूही गेला.

एवढं ऐकून काका म्हणाले, "म्हणजे जिवाणूमुळं गोळी स्वस्त झाली म्हणा की."

इथं मला त्यांना थांबवावं लागलं. बनवण्याचा खर्च कमी झाला म्हणून दुकानातली किंमत उतरतेच असं नाही. सुधारलेला विकर २०१० साली तयार होता, तरी आपल्याकडं पेटंटधारक कंपनीची गोळी पुढंही बरीच वर्षं महागच राहिली. भारतातलं पेटंट जुलै २०२२ मध्ये संपलं. त्यानंतर अनेक देशी कंपन्या उतरल्या आणि किमती खाली आल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जनऔषधी केंद्रांत सिटाग्लिप्टिन आलं. पन्नास मिलिग्रॅम सिटाग्लिप्टिन आणि पाचशे मिलिग्रॅम मेटफॉर्मिन अशा दहा गोळ्यांच्या पाकिटाची किंमत तेव्हा ६५ रुपये ठेवली गेली. किंमत उतरली ती मुख्यतः मक्तेदारी संपल्यामुळं. विज्ञानानं वाट मोकळी केली होती, पण रोग्याच्या उंबऱ्यापर्यंत यायला कायद्याची मुदत संपावी लागली.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रत्येक कारखाना विकरच वापरतो असं नाही. कुणी धातूच्या मार्गानं जातो, कुणी दोन हात वेगळे करण्याच्या मार्गानं. कोणता मार्ग घेतला ते पाकिटावर छापलेलं नसतं. पण मार्ग कुठलाही असो, शेवटी मिळणारा योग्य हाताचा रेणू अगदी तोच असतो. विकरानं बनवला म्हणून तो जास्त खरा नसतो आणि महाग विकला म्हणून जास्त गुणकारीही नसतो. औषध योग्य प्रतीचं आहे का, हे तपासणीत ठरतं, आणि अशा औषधाच्या तपासणीत उलट्या हाताचा अंश किती आहे हेही मोजतात. तेव्हा गोळी खरी की खोटी, हे किमतीवरून ठरवू नये. परवानाधारक दुकान, पाकिटावरचं औषधाचं नाव, मात्रा आणि मुदत पाहावी, बिल मागून घ्यावं आणि शंका आली तर डॉक्टरांना किंवा औषध दुकानातल्या फार्मासिस्टला विचारावं. संशय आला म्हणून गुपचूप औषध बंद करणं हा मात्र सगळ्यांत महाग सौदा. दोन आठवड्यांत काकांच्या रक्तातली साखर बरीच वर गेली होती, आणि पायाच्या अंगठ्याला झालेली साधी जखम भरून येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांना डॉक्टरांकडं घेऊन गेला. मधल्या खंडामुळं तपासण्या नव्यानं कराव्या लागल्या. डॉक्टरांनी तीच स्वस्त गोळी पुढं चालू ठेवायला सांगितली आणि जखमेची मलमपट्टी सुरू केली. महिन्याभरानं फोन केला, तेव्हा अंगठा भरत आला होता. फोन ठेवता ठेवता काका म्हणाले, "मास्तर, ते डाव्या-उजव्याचं मी पारावर सगळ्यांना सांगितलं. निम्म्यांना पटलं. निम्मे अजून महागडीच गोळी आणत्यात."

त्या उरलेल्या निम्म्यांसाठीच आज हे पुन्हा सांगितलं.